सायकलने ऑफिस: आठ महिन्यांनंतर बूट, बॅग आणि बाकी सामानाचा हिशोब

सायकल निवडायला मला दोन दिवस लागले. तिच्यासोबतचं सामान निवडायला जवळपास महिना गेला. जायला नऊ किलोमीटर, यायला नऊ, आठवड्यातले चार-पाच दिवस, असे आता आठ महिने झालेत. तेव्हा घेतलेलं निम्मं सामान कपाटात पडून आहे, आणि आज ज्याच्यावाचून अडतं त्यातलं बरंचसं माझ्या पहिल्या यादीत नव्हतंच. यादी करताना मी स्वतःला सायकल चालवताना डोळ्यांसमोर आणत होतो. रोजच्या प्रवासात थांबणं, उतरणं, जिने चढणं, हातात बॅग धरून लिफ्टची वाट बघणं हेही असतं, ते लक्षातच आलं नाही.

बुटांपासून सुरुवात करतो, सगळ्यात जास्त पैसे आणि अक्कल तिथेच खर्च झाली.

पहिले तीन आठवडे घरातलेच धावायचे बूट वापरले. त्यांचा सोल धक्के गिळायला बनवलेला, म्हणजे मऊ. पायडल मारताना तो मधोमध दुमडतो, आपला जोर फोम दाबण्यात जातो आणि चवड्याखाली पायडलचा सांगाडा टोचायला लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी बोटांना मुंग्या. शिवाय लेस. चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे उजव्या बुटाची सुटलेली लेस आणि पँटचा उजवा पाय हे दोन्ही धोक्यात. माझी लेस एकदा गुंडाळली गेली, आणि घाबरून पुढे पायडल मारलं तशी ती आणखी आवळली. अशा वेळी पायडल उलटं फिरवायचं. हे कळेपर्यंत लेस तुटली होती.

मग वाचून-बघून क्लीटवाले बूट घेतले. बुटाच्या तळाला धातूचा छोटा तुकडा, तो पायडलमध्ये खट्कन अडकतो. नाव मात्र ‘क्लिपलेस’. आधीच्या काळात पायडलवर पुढे पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे क्लिपलेस. लूक कंपनीने १९८४ मध्ये बर्फावरच्या स्कीच्या पकडीवरून असं पायडल काढलं, आणि शिमानो कंपनीने १९९० मध्ये क्लीट दोन बोल्टनी बुटाला बसवायची एसपीडी पद्धत आणली. शर्यतीच्या बुटांना तीन बोल्टचं मोठं क्लीट असतं, ते सोलच्या बाहेर येतं आणि माणूस बदकासारखा चालतो. मी दोन बोल्टवाले घेतले, त्यात क्लीट सोलच्या खाचेत बसतं. कागदावर अगदी शहाणपणाची निवड.

सायकल चालवताना ते खरंच झकास होते. सोल कडक, पाय घसरायचा प्रश्नच नाही, चढावर फरक लगेच जाणवतो. पण पाय सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते, आणि सिग्नलला शरीर सवयीने पाय वर उचलू बघतं. चौथ्या दिवशी मी पूर्ण थांबलेल्या सायकलवरून सावकाश, सगळ्यांच्या देखत आडवा झालो. लागलं काही नाही, लाज तेवढी वाटली. पायडलवरचा पकडीचा स्क्रू सैल करता येतो हे त्या रात्री कळलं. पहिल्याच दिवशी तो सैल करून ठेवावा, आणि भिंतीला धरून वीस-पंचवीस वेळा अडकव-सोडव करावी.

खरी गंमत दुसऱ्या महिन्यात झाली. एका क्लीटचा एक बोल्ट हळूहळू सैल होऊन पडला. मला पत्ता नाही. ऑफिसच्या दारात टाच वळवली तर बूट वळला, पण एकाच बोल्टवर उरलेलं क्लीट जागच्या जागी फिरलं आणि पायडलने ते सोडलं नाही. शेवटी पाय बुटातून काढून मोज्यावर उतरलो. बूट सायकललाच लटकलेला, आणि मी त्याच्याशी झटतोय. बोल्ट दर काही आठवड्यांनी ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) तपासायचे असतात, ती चूक माझीच. पण पडण्यापेक्षाही मला कंटाळा आला तो टकटकीचा. खाचेत असलं तरी क्लीट फरशीला लागतंच, ओल्या फरशीवर सरकतं, आणि वाटेत सतरा वेळा थांबायचं असेल तर सतरा वेळा अडकव-सोडव.

अडीच महिन्यांनी साधी सपाट पायडलं घेतली, रुंद आणि वर बारीक खिळे असलेली, आणि सोबत सपाट रबरी सोलचे, जरा कडक बूट. गेले पाच महिने हेच चालू आहे. पायडल बदलताना एक लक्षात ठेवा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. मी दहा मिनिटं १५ मिमीच्या पान्याला लटकून ते सोडवतोय असं समजून आवळत होतो.

हे बूट कसे आहेत? चढावर क्लीटची मजा नाही. खिळ्यांनी सोलवर चवड्याखाली खळगे पाडलेत, आणि डाव्या नडगीवर एक व्रण कायमचा दिलाय. पण उतरलो की मी सरळ चालत मीटिंगला जाऊ शकतो. चालवताना पायाचा चवडा पायडलच्या दांड्यावर यायला हवा, म्हणून घेताना तिथेच सोल वाकवून बघावा. बोटांनी सहज दुमडला तर नको. लेस खोचायला जागा आहे का तेही बघावं. माझ्या बुटांना ती नाही, मी लेस पहिल्या वेटोळ्याखाली दाबतो. पावसात भिजले तर वाळायला दीड दिवस घेतात, म्हणून एक जोड ऑफिसात ठेवलाय.

बॅगेचंही असंच झालं. पाठीवरची सॅक घेतली, पाठ घामाने चिंब. मग मागच्या कॅरियरला अडकवायची पॅनियर बॅग घेतली. सायकलवर तिला तोड नाही. फक्त पहिल्या आठवड्यात प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेला घासायची, ती मागे सरकवून लावल्यावर थांबली. मोठ्या पायाच्या लोकांनी हे आधी बघावं. उतरल्यावर मात्र ती हातात धरायची म्हणजे तिचे हुक मांडीला टोचतात. एवढं मी सोसतो.

रेनकोटवर फार बोलत नाही. पाणी आत येऊ न देणारा कोट घामही फारसा बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे भिजायचं कशाने एवढंच आपल्या हातात. काखेत झिप असलेला घ्या. त्यापेक्षा मडगार्ड पूर्ण लांबीचे लावा, चाकातून उडणारं पाणी आभाळातल्या पाण्यापेक्षा घाण असतं. पॅडवाली चड्डी आतून काही न घालता वापरायची असते, आणि नऊ किलोमीटरसाठी रोज कपडे बदलणं मला जमलं नाही. ती कपाटात आहे. जेलचे हातमोजेही तिथेच. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं म्हणून घेतले होते. सीटचं टोक खाली झुकलेलं होतं म्हणून सगळा भार तळहातांवर येत होता. ते सपाट केलं आणि त्रास गेला.

हेल्मेटमध्ये दोनच गोष्टी बघितल्या: आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी या सुरक्षा-मानकाचं लेबल आहे का, आणि मान हलवल्यावर हेल्मेट कपाळावरून सरकत तर नाही ना. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच चिरडून धक्का घेतो, त्यामुळे जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं.

हवेचा पंप तेवढा हसवून गेला. पंक्चरचं सगळं सामान तीन महिने बॅगेत जपून नेलं, आणि पहिल्याच पंक्चरला कळलं की पंपाचं तोंड जाड व्हॉल्वचं आहे आणि माझी ट्यूब बारीक प्रेस्टा व्हॉल्वची. उरलेले चार किलोमीटर सायकल हाताने ढकलत आलो. बूट सपाट होते म्हणून निभावलं.

परवा ऑफिसातल्या एकाने सायकल सुरू करायची म्हणून काय काय घेऊ असं विचारलं. क्लीटवाले बूट त्याला दाखवले, फारसे वापरलेले नाहीत म्हणून. त्याने ते घालून फरशीवर चार पावलं टाकली, आवाज ऐकला आणि काढून ठेवले.