चित्रासाठी पांढरा विनायल ग्लू: मात्सुतानींच्या हातचं माध्यम

लाकूड-कागद चिकटवायचा पांढरा विनायल ग्लू चित्रात काय करू शकतो, हे बघायचं तर जपानी चित्रकार ताकेसादा मात्सुतानींची कामं बघावीत. जन्म ओसाकाचा, १९३७ सालचा. १९६३ मध्ये ते गुताई या जपानी प्रयोगशील कलाकारांच्या गटात आले, १९६६ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि तिथेच स्थिरावले. मधली काही वर्षं छापचित्रकार हेटर यांच्या ‘आतल्ये १७’ या पॅरिसमधल्या कार्यशाळेत छापचित्रांत गेली, पण ते पुन्हा ग्लूकडे वळले. २०१९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या कलासंग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

चित्राच्या पृष्ठभागावर उठाव, म्हणजे वर आलेले आकार, आणायला याच्यासारखं स्वस्त आणि लवचिक माध्यम नाही. कॅनव्हास आडवा ठेवून ग्लू ओतायचा, दुधावर यावी तशी साय धरू द्यायची आणि मग कॅनव्हास उलटा करायचा. आतला ओला ग्लू खाली लोंबतो. नळीने फुंकर घातली की फोड फुगतो, पंख्याने किंवा हेअर ड्रायरने तो धरून ठेवता येतो. सगळी मदार सायीवर आहे: पातळ असली तर फाटते, फार जाड झाली तर फुगतच नाही.

ग्लूमध्ये साधारण निम्मं पाणी असतं, त्यामुळे सुकताना तो बराच आकसतो. ३ मिलिमीटरच्या थरावर साय काही तासांत येते, आतून सुकायला मात्र कित्येक दिवस लागतात. घाई केली तर मधोमध पांढुरका डाग राहतो. थंड खोलीत थर एकजीव होत नाही, खडूसारखा भुरभुरतो. पिवळा सुतारी ग्लू घेऊ नका, तो सुकल्यावरही पिवळटच दिसतो. कागदावर काम असेल तर आम्लरहित प्रकार घ्या.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मात्सुतानी ग्लूबरोबर ग्राफाइटही वापरू लागले, रेघेवर रेघ ओढत काळा पृष्ठभाग भरू लागले. दहा मीटर लांब कागदही त्यांनी असाच भरला आहे. ही जोडी फार सुंदर दिसते, कारण ग्लूच्या सुरकुतीवर ग्राफाइट शिशासारखं चमकतं. थर ओला असताना मात्र पेन्सिल लावू नका, टोक रुततं आणि चरे पडतात.

खरा दोष साठवणीत दिसतो. उन्हाळ्यात हा थर मऊ पडतो आणि एकावर एक ठेवलेले कॅनव्हास चिकटतात. ओढून सोडवले तर फोडाची सालच निघून येते. मध्ये सिलिकॉनचा कागद घाला, आणि उठावाला काहीही टेकणार नाही असे उभे ठेवा.