मालवाहू विमानाचं फोमबोर्ड किट: घ्या, पण त्याचं पोट पुन्हा कापावं लागेल

मार्चमध्ये रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचं हे किट 3,200 रुपयांना मागवलं. दोन मोटरी, वर बसणारा पंख, मागे उघडणारं मोठं दार. हवाई दलात 2023 साली दाखल झालेल्या सी-295 या मालवाहू विमानाची आठवण यावी असा घाट. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 140 सेंटिमीटर. मोटरी, सर्वो (म्हणजे विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), बॅटरी वेगळं घ्यावं लागतं. ते मी लॅमिंग्टन रोडवरून आणलं.

आधी कौतुक. लालबागला आमच्या घरी 2018 च्या बंदीपर्यंत थर्माकोलची मखरं व्हायची, त्यामुळे कापलेली कड मी बोट फिरवूनच पारखतो. या किटचे भाग फार स्वच्छ कापलेत. 5 मिलिमीटरचा बोर्ड, दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये फोम, आणि घडीच्या जागी खालचा कागद अजिबात दुखावलेला नाही. ग्लूगन तापवून बसलो तो दोन रात्रींत सांगाडा उभा राहिला.

चूक आहे ती माल ठेवायच्या जागेत. पंखाची पुढून मागे रुंदी 22 सेंटिमीटर आणि सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो गुरुत्वमध्य, पुढच्या कडेपासून 6 सेंटिमीटरवर, इथपर्यंत ठीक. पण मालाचा कप्पा त्याच्याही मागे 9 सेंटिमीटरवर, दाराला लागून. विमान बॅटरीसकट 1150 ग्रॅम. त्यात पाव किलो तांदळाची पिशवी ठेवली की सीजी दीड सेंटिमीटरहून जास्त मागे सरकतो. पहिल्याच उड्डाणात नाक वर, वेग संपला, आणि विमान डाव्या पंखावर येऊन पडलं. बॅटरी पुढे सरकवून भागत नाही, कारण हवेत माल खाली सोडला की तेच विमान नाकाकडे जड होतं.

म्हणून मागचं दार मी कायमचं चिकटवून टाकलं. जिवावर आलं, किट त्या दारासाठीच तर घेतलं होतं. पण दारामुळे होणारी शेपटीची पिळवट त्यानं थांबली. मग सीजीच्या बरोबर खाली पोटात 12 बाय 8 सेंटिमीटरचं झाकण कापलं, कडेला दुहेरी बोर्ड लावला, पॅकिंग टेपची बिजागरी केली आणि 9 ग्रॅमच्या एका सर्वोनं कडी ओढायची सोय केली. पातं नवं घ्या. बोथट पात्यानं फोम फाटतो आणि तिथून पुढे काही नीट बसत नाही.

पंखातली लाकडी पट्टी वजनाखाली वाकते. तिथे 8 मिलिमीटरची कार्बनची नळी घातली. मोटरींचा वेग सांभाळणारे दोन्ही ईएससी, रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरला जोडताना एकाची लाल तार काढून ठेवा, म्हणजे रिसीव्हरला वीज एकाकडूनच जाईल. सूचनांच्या कागदावर याचा उल्लेख नाही, तो हवाच होता.

मुंबईच्या हवेबद्दल किट बनवणाऱ्यांनी विचारच केलेला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कडांचा कागद सुटायला लागला. पाण्यात मिसळणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे दोन पातळ हात दिले, वजन 38 ग्रॅमनं वाढलं, कागद मात्र धरून राहिला. हे जोडणीच्या आधीच करा.

उडवायला शहरात जागा शोधू नका. विमानतळ जवळ आहे, आणि मुंबई पोलिसांच्या मनाईच्या आदेशांत रिमोटची विमानंही येतात. मी पहाटेची लोकल पकडून बदलापूरला उतरतो आणि पुढे ओळखीच्या शेतकरीदादांच्या मोकळ्या शेतावर जातो. पंख सुटा होतो, म्हणून डब्यात वरच्या फळीवर मावतो.

गेल्या रविवारी तीच पाव किलोची पिशवी, जुन्या छत्रीच्या कापडाची पॅराशूट बांधून, तीनदा टाकली. झाकण उघडलं, पिशवी सुटली, आणि विमान थोडं वर उचललं गेलं; नाक जिथं होतं तिथंच राहिलं. तिसऱ्या खेपेला दादांचा नातू पिशवी झेलायला बांधावरून धावला.