द्राक्ष पॅकहाउसमध्ये क्यूआर, आरएफआयडी आणि डेटा लॉगर: हंगामभराचा अनुभव

युरोपला द्राक्षं पाठवायची तर प्लॉटची नोंद अपेडाच्या (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर हवीच. 2006 पासून ते चालू आहे. त्यामुळे माल कुणाच्या बागेचा हे कळतं. पण बाग ते कार्टन या मधल्या प्रवासात कुठला क्रेट किती वेळ उन्हात उभा होता, हे ग्रेपनेटला विचारून उपयोग नाही. ते आमच्या रजिस्टरात असायचं, तेही लिहिणाऱ्याला सवड मिळाली तर. निफाड भागातल्या आमच्या पॅकहाउसने म्हणून ट्रॅकिंग घेतलं, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने.

पहिला टप्पा क्रेटवरचा क्यूआर. यात सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले. कागदी स्टिकर क्रेट धुताना निघून जातात, त्यामुळे क्रेटवरच कोरलेला कोड घ्या. स्कॅनिंग तोडणाऱ्यांच्या गळ्यात घालू नका. आमच्या मुकादमाने पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊ, कात्री धरू का फोन?" आता पिकअप भरताना एकच माणूस स्कॅन करतो. ॲप रेंज नसताना चाललंच पाहिजे. आमच्या पुरवठादाराच्या पहिल्या आवृत्तीत ते नव्हतं, आणि बांधावर उभं राहून गोल फिरणारं चक्र बघण्यात सकाळ जायची. तक्रारी करून करून सुधारलं.

फायदा कुठे दिसला? तोडणी ते प्रीकूलिंग (साठवणीआधी माल झटपट गार करणं) हा वेळ प्रत्येक क्रेटचा दिसू लागला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाडी रांगेत तापत उभी राहते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण स्क्रीनवर आकडे आल्यावर सुट्टीच्या पाळ्या लागल्या.

दुसरा टप्पा आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचले जाणारे टॅग. त्याचं सादरीकरण झकास होतं, कारण ते रिकाम्या क्रेटवर होतं. भरलेल्या थप्पीत मधले टॅग वाचलेच जात नाहीत. द्राक्षात पाणीच पाणी, आणि टॅग वाचणाऱ्या यूएचएफ रेडिओ लहरी पाण्यात जिरतात. मालासाठी ते बंद केलं. मात्र फाटकावर रिकामे क्रेट मोजायला ठेवलंय. कुठल्या बागेत किती क्रेट अडकलेत यावरून होणारी हमरीतुमरी निम्म्याने कमी झाली असेल.

तिसरा टप्पा रीफर, म्हणजे शीत कंटेनरमधले तापमान नोंदणारे लॉगर. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास लांबला, तेव्हापासून खराब मालाच्या क्लेमच्या वेळी तापमानाचा आलेख हाताशी असणं गरजेचंच झालं. एकच लॉगर परवडत असेल तर दाराकडच्या शेवटच्या पॅलेटवर, वरच्या कार्टनमध्ये ठेवा. गार हवा तिथवर सगळ्यात उशिरा पोचते. आणि अलार्मचा मेसेज ज्याच्या फोनवर जाणार, तो माणूस आधी ठरवा. आमच्याकडे सुरुवातीला तो ऑफिसच्या ईमेलवर जायचा, म्हणजे कुठेच नाही.

कार्टनवरची लेबलं अजून त्रास देतात. कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढलं की घाम सुटतो आणि कागद लगदा होतो. शाईच्या रिबनने छापलेली प्लास्टिकची लेबलं टिकतात, पण महाग.

पुरवठादार आता तिन्ही गोष्टींचं वार्षिक पॅकेज गळ्यात मारतोय. आम्ही ते घेतलेलं नाही. करार संपल्यावर आमच्या नोंदी एक्सेलमध्ये पूर्ण मिळतील, हे लेखी दिल्याशिवाय चालू कराराचं नूतनीकरणही करणार नाही.