छोट्या व्लॉगिंग कॅमेऱ्याला माइक: वर बसणारा, कॉलरचा की वायरलेस?

सोनीचा झेडव्ही-१ किंवा कॅननचा जी७ एक्स मार्क ३ घेतलेली माणसं चित्रावर खूश असतात आणि आवाजावर नाराज. मग माइकची चौकशी सुरू होते, आणि तीही ब्रँडपासून. खरं तर आधी एवढंच नक्की करायचं असतं की बोलताना माइक तोंडापासून किती लांब असणार. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. हात लांब करून धरलेल्या कॅमेऱ्यावरचा माइक तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो, कॉलरवरचा २० वर. झाला साडेनऊ डेसिबलचा फरक. कॅमेरा ट्रायपॉडवर दोन मीटर लांब गेला तर हाच फरक २० डेसिबलचा होतो. पंख्याची घरघर आणि खिडकीबाहेरची रिक्षा मात्र दोन्ही माइकना जवळजवळ सारखीच ऐकू येते. म्हणून दोन मीटरवरच्या महागड्या माइकपेक्षा वीतभर अंतरावरचा स्वस्त माइक बरा वाजतो.

आधी कॅमेरा नीट बघा

दोन्ही कॅमेऱ्यांना माइकसाठी ३.५ मिलिमीटरचं भोक आहे, आणि दोन्हींना हेडफोनचं नाही. झेडव्ही-१ वर माइक बसवायला शू, म्हणजे माथ्यावरची खाच, आहे आणि त्याचा स्क्रीन बाजूला उघडतो, त्यामुळे वर काहीही बसवा, स्वतःचा चेहरा दिसत राहतो. जी७ एक्स मार्क ३ ला शूच नाही, शिवाय स्क्रीन वरच्या बाजूला उलटतो. त्याला एल आकाराचं ब्रॅकेट घेऊन माइक कडेला न्यावा लागतो. ब्रॅकेटचे पैसे हिशेबात धरा.

झेडव्ही-१ सोबत एक केसाळ टोपी येते, ती याच शूवर बसते. बाहेरचा माइक किंवा वायरलेसचा रिसीव्हर (कॅमेऱ्यावर बसणारा भाग) लावायचा तर ती काढावी लागते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पिन खोचली की आतला माइक तसाही बंद होतो. आणि फक्त हातभर अंतरावरून स्वतःशी बोलत फिरायचं असेल, तर झेडव्ही-१ वाल्याने ती टोपी लावून आधी महिनाभर काम करावं. पुष्कळांना माइकची गरजच पडत नाही.

वर बसणारा: रोड व्हिडिओमायक्रो

वजन ४२ ग्रॅम, बॅटरी नाही, बटण नाही. कॅमेऱ्याच्या पिनमधूनच त्याला वीज मिळते, त्यामुळे विसरण्यासारखं काही उरत नाही. जी७ एक्सवर तर हवेच्या आवाजातला फरक लगेच कळतो, कारण केसाळ टोपी डब्यातच येते. पण लोक त्याला शॉटगन, म्हणजे एकाच दिशेचा लांबचा आवाज टिपणारा माइक, म्हणतात आणि त्याच्याकडून दुर्बिणीची अपेक्षा करतात, तिथे गडबड होते. तो मागचा आवाज कमी घेतो, समोरचा सगळा घेतो: तुम्हीही, तुमच्या पाठीमागचा बाजारही. बंद खोलीत दोन मीटरवरून आवाज घुमतोच. आणखी एक, कॅमेरा फिरवून समोरचं दृश्य दाखवत तुम्ही मागून बोलू लागलात की तुमचाच आवाज खाली जातो, कारण आता तुम्ही माइकच्या पाठीशी आहात.

त्याला स्वतःची आवाज वाढवायची सोय नाही. ते काम कॅमेऱ्याला करावं लागतं आणि छोट्या कॅमेऱ्यांची ती बाजू लंगडी असते. शांत खोलीत मागे ‘सूऽऽ’ ऐकू येतं ते त्यामुळे.

कॉलर माइक: बोया बीवाय-एम१

साधारण हजार रुपयांच्या आसपासचा हा माइक स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून किंवा फळ्यासमोर उभं राहून बोलणाऱ्यासाठी आजही सगळ्यात शहाणी खरेदी आहे. वायर ६ मीटर. चालत्या माणसासाठी हीच वायर डोकेदुखी.

याच्या निम्म्या तक्रारी एका छोट्या स्विचच्या असतात. वायरवरच्या डबीत एलआर४४ बटण-सेल असतो. कॅमेऱ्याला लावताना स्विच ‘कॅमेरा’कडे हवा, मोबाइलला लावताना ‘स्मार्टफोन’कडे. उलटं राहिलं तर आवाज येत नाही किंवा अगदी बारीक येतो. काम झाल्यावर तो ‘कॅमेरा’वरच राहिला तर सेल बसतो. दोन सेल पाकिटात ठेवावेत.

वायर नको आणि वायरलेसचे पैसेही नकोत, तर हा माइक मोबाइलला लावून मोबाइल खिशात टाका, त्यातच रेकॉर्ड करा. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संपादनात दोन्ही फाइलींमधलं टाळीचं टोक जुळवलं की आवाज बसतो.

इतर माइकच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मात्र नेहमी मोजा. दोन रेघांची पिन कॅमेऱ्याची, तीन रेघांची मोबाइलची. वायरलेसच्या डब्यात अनेकदा दोन्ही प्रकारच्या वायरी येतात. चुकीची लावली की माणूस माइक बिघडला म्हणून दुकानात परत जातो.

वायरलेस

डीजेआय माइक मिनीचा ट्रान्समीटर, म्हणजे कपड्यावर लावायचा माइक, फक्त १० ग्रॅमचा. पातळ कुर्त्यावर लावला तरी कापड ओढलं जात नाही. पण त्यात आतलं रेकॉर्डिंग नाही. गर्दीत सिग्नल तुटला तर ते वाक्य गेलंच. रोड वायरलेस गो २ आणि डीजेआय माइक २ मध्ये ट्रान्समीटर स्वतःही रेकॉर्ड करतो, आणि जास्तीचे पैसे द्यायचे ते खरं तर यासाठीच. हे सगळे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि मानवी शरीर त्या लहरी शोषून घेतं. पाठ कॅमेऱ्याकडे आणि ट्रान्समीटर छातीवर, अशा वेळी डब्यावर छापलेले दोनशे ते चारशे मीटर विसरा.

गणपतीत ढोल-ताशा पथकासमोर उभं राहून बोलायचं असेल तर डीजेआय माइक २ चं ‘३२-बिट फ्लोट’ (खूप मोठा आवाजही न फाटता नोंदवणारी पद्धत) कामाचं आहे. मात्र ते ट्रान्समीटरमधल्या फाइलीपुरतंच, कॅमेऱ्यात जाणारा आवाज फाटायचा तो फाटतोच. घरी येऊन ट्रान्समीटरमधली फाइल उतरवून जुळवायचा कंटाळा असेल तर त्या सुविधेचे पैसे पाण्यात.

झेडव्ही-१ वर ऑडिओ लेव्हल हाताने ठेवता येते. वायरलेस लावल्यावर ती ३१ पैकी ३ ते ५ च्या आसपास आणा आणि आवाज रिसीव्हरवरून वाढवा. बोलताना काटा उणे १२ डेसिबलजवळ खेळला पाहिजे. लेव्हल वरच ठेवली तर रिसीव्हरचा तगडा सिग्नल कॅमेऱ्यात फाटतो. व्हिडिओ झाल्यावर आवाज एकाच कानात येत असेल तर रिसीव्हर स्टीरिओवर आहे. तो मोनोवर करा.

कापड आणि वारा

कोणताही कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मध्यावर. साडीच्या पदराला लावू नका, पदर हलला की चरचर होते. ब्लाउजच्या काठाला लावा. मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर टकटक आपटतात, त्या सर्जिकल टेपने आतून चिकटवून ठेवा. चुंबकाची क्लिप पेसमेकर असलेल्या व्यक्तीला लावायची नाही.

फोमची टोपी ‘प’ आणि ‘भ’चा फटका अडवते, राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा वारा नाही. तिथे केसाळच हवी. पावसात ती भिजून केस चिकटले की वाराही अडत नाही आणि आवाजही दबतो. म्हणून पावसाळ्यात जोडीला दुसरी, कोरडी. वाऱ्याने फाटलेला आवाज संपादनात सुधारत नाही.

तर एकाच जागी बसून बोलणाऱ्याने बोया घ्यावा. चालत, एकट्याने, थोडक्यात बोलणाऱ्या जी७ एक्सवाल्याने व्हिडिओमायक्रो. दोन माणसांच्या मुलाखती, किंवा पुन्हा घेता न येणारे प्रसंग असतील तर आत रेकॉर्ड करणारा वायरलेस. मिनी घेऊन पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि कार्ड न्या. ३० सेकंद बोला, मग १० सेकंद गप्प राहा. कॅमेऱ्याला हेडफोन लागत नाही, म्हणून फाइल तिथेच मोबाइलवर घेऊन इअरफोनने ऐका. बोललेला भाग सगळ्याच माइकवर बरा वाटतो. गप्प राहिलेले १० सेकंद नीट ऐका.