आसगावातलं माया जेवण: ताटातलं फक्कड, कार्डावरचं थापाडं

गोव्यातल्या आसगावात दर पावसाळ्यानंतर दोन-चार नवी रेस्टॉरंटं उघडतात त्यातलंच हे एक, मेक्सिकोतल्या युकातानच्या माया नावाच्या मूळ रहिवाशांचं जेवण देणारं. नाव देत नाही, पुढे थोडी कुरकुर आहे.

आधी जेवण. टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, इथेच करतात, पाकिटातलं पीठ नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सालं चोळून धुवायची, मग ओलाच दळायचा, त्याने जो खमंग वास येतो तो बरोबर आलाय आणि तव्यावर टम्म फुगतेसुद्धा. कोचिनिता पिबिल म्हणजे शेंदरीच्या बिया नि आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेलं डुकराचं मांस, केळीच्या पानात बांधलेलं. मूळ पद्धत जमिनीतल्या खड्ड्यात भाजायची, इथे ओव्हन, पण बोटाने सुटत होतं. भोपळ्याच्या बियांची चटणी, सिकिल पाक, परत मागवली. हाबानेरो मिरची जपून, आपल्याला तिखटाची सवय असली तरी.

आता कुरकुर. मेनूकार्डावर पानभर लिहिलंय की माया खेड्यात हजार वर्षांत काहीच बदललं नाही, बायका अजून पाट्यावरच मका वाटतात वगैरे. अहो, चान कोम म्हणून तिथलं गाव आहे, रॉबर्ट रेडफिल्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९३१ च्या सुमारास अभ्यासलेलं, १९४८ ला तो परत गेला तोवर गावकऱ्यांनी स्वतः राबून चिचेन इत्साच्या जुन्या माया अवशेषांकडे रस्ता काढलेला, शाळा, दगडी घरं, सगळं ठरवून! आणि त्याच भागात पाऊस लांबला की चाक नावाच्या पाऊसदेवाचं मागणं होतं, मांडवाच्या कोपऱ्यांत पोरं बसवून बेडकासारखं डराव डराव करायला लावतात. दोन्ही चालतं, आपल्याकडे नाही का धालो (बायकांची पारंपरिक नाच-गाणी) नि मोबाईल एकाच मांडावर. पाट्याचं म्हणाल तर मोटरची गिरणी आल्यावर बायकांचे रोजचे कितीतरी तास वाचले. आपल्या सत्तरी तालुक्यात मिक्सर आला तेव्हा रगड्यासाठी कोण रडलं?

१९७० नंतर तिथल्या किनाऱ्यावर कानकून हे पर्यटकांचं शहर उभं राहिलं आणि मिल्पा, म्हणजे रान तोडून जाळून केलेली मका-घेवडा-भोपळ्याची शेती (आपली कुमेरीच), सोडून पोरं हॉटेलात कामाला लागली. हे कार्डावर नाही. आम्हाला वाढणारा मुलगा पेडण्याचा, घरचं शेत पडीक आहे म्हणाला, त्याच्याच हातात ते कार्ड, काय बोलणार.

दोघांचं बिल अडीच हजाराच्या आसपास, पार्किंग नाही, रविवारी फोन करूनच जा. शाकाहारींना काळ्या घेवड्याचे टाको आहेत, ठीकठाक. जेवणाला साडेचार स्टार, कार्डाला एकही नाही.