खोक्यावर न छापलेला काळा रंग: स्वस्त प्रोजेक्टरवर काढलेला हॉरर सीझन

प्रोजेक्टरच्या खोक्यावर सगळे आकडे उजेडाचे असतात. भयपट बघायचे असतील तर त्यांचा फारसा उपयोग नाही. भयपटाला काळा रंग लागतो आणि शांतता लागते, आणि या दोन्हींबद्दल खोक्यावर अवाक्षर नसतं. मे महिन्यात घेतलेला प्रोजेक्टर हॅलोवीन उलटेपर्यंत वापरल्यावर माझं हे मत झालंय. ज्यांना क्रिकेट किंवा मुलांची कार्टून्स बघायची आहेत त्यांचं मत वेगळं असेल आणि ते त्यांच्या जागी बरोबरही असेल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे हॅलोवीन आता एका रात्रीचा राहिलेला नाही. ऑगस्ट संपायच्या आत दुकानांत कवट्या लागतात. होम डेपोने २०२० साली २९९ डॉलरला आणलेला बारा फुटी सांगाडा आमच्या कोपऱ्यावरच्या घरापुढे थँक्सगिव्हिंगपर्यंत उभा असतो, फक्त नोव्हेंबरात त्याच्या डोक्यावर टोपी येते. एवढ्या लांबलेल्या मोसमात रोज रात्री काहीतरी भीतीदायक बघायचं किंवा वाचायचं, हा माझा आणि माझ्या चौदा वर्षांच्या लेकीचा जुना नेम. नवरा घाबरट आहे. यंदा सासूबाईही सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

मशीनबद्दल आधी. हाच खोका चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, म्हणून नावात शिरत नाही. किंमत तीनशे डॉलरच्या आत. आत एकच एलसीडी पॅनल, एलईडीचा दिवा, आणि खरं रिझोल्यूशन १०८०पी. वर '४के सपोर्ट' असं ठळक छापलंय, पण त्याचा अर्थ एवढाच की ४के सिग्नल दिला तर तो नाकारत नाही, १०८०पीवर उतरवून दाखवतो. लुमेन या उजेडाच्या मापाचंही तसंच. सोबत 'एएनएसआय' (एक अमेरिकी मानक) लिहिलं असेल तर पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढलेली असते. नुसतंच 'लुमेन' आणि त्याच्याआधी पाच आकडी संख्या असेल तर ती वाचून हसावं आणि पुढे जावं.

उन्हाळ्यात या वस्तूचा उपयोग जवळजवळ शून्य. जून-जुलैत सूर्य साडेआठला मावळतो, नीट अंधार पडायला सव्वानऊ होतात, आणि तोवर डासांनी आपल्याला फोडून काढलेलं असतं. अंगणात चादर, गवतावर उशा, हातात पॉपकॉर्न हे चित्र जाहिरातीपुरतं. ऑक्टोबर लागला की सूर्य पावणेसातच्या आत जातो आणि ३१ तारखेला तर सहाच्याही आधी. जेवणं आटपून सात-साडेसातला सिनेमा सुरू, दहाला मुलं झोपायला, असं वेळापत्रक तेव्हाच बसतं. म्हणजे उन्हाळ्यात सेलमध्ये घेतला तरी खरा वापर शरद ऋतूतच.

तोवर मी पुस्तकांवर होते. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही सगळी डायऱ्या, पत्रं आणि तारांमधून सांगितलेली आहे आणि जवळपास प्रत्येक नोंदीवर तारीख आहे. ३ मेला सुरुवात, ६ नोव्हेंबरला शेवट, आणि मग सात वर्षांनंतरची एक छोटी टीप. त्या त्या तारखेला तेवढीच नोंद वाचायची, असं हल्ली बरेच जण करतात. मीही केलं. जहाजाच्या कप्तानाची रोजनिशी कादंबरीत एकाच जागी सलग येते आणि दहा मिनिटांत वाचून होते. तारखेप्रमाणे वाचली तर ती जुलैभर आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टांगून ठेवते, आणि प्रत्येक वेळी खलाशी कमी झालेले असतात. मधल्या दिवसांत पुस्तक गप्प. ते गप्प राहणंच जास्त त्रास देतं. शिवाय २०२५ हे भयकथाकार नारायण धारपांचं जन्मशताब्दी वर्ष (जन्म १९२५), म्हणून सासूबाईंकडून 'समर्थ' कथांची जुनी पुस्तकं मागवली होती. बॅगेत चकलीच्या डब्याखाली दबून आली, पण आली.

आता मूळ मुद्दा, काळा रंग. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो फक्त उजेड फेकतो, आणि जिथे काळं हवं तिथे उजेड अडवतो. स्वस्त एलसीडी पॅनलला तो पूर्ण अडवता येत नाही, थोडा झिरपतोच. म्हणून पडद्यावर काळ्याऐवजी करडा धूसरपणा दिसतो. प्रेमकथेत किंवा मॅचमध्ये हे कळतही नाही. भयपटात मात्र अर्धा सिनेमा त्याच करड्या भागात घडत असतो.

'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (२०१८, दहा भाग) ही याची खरी परीक्षा. या मालिकेत पात्रांच्या मागे, दाराच्या फटीत, जिन्याखाली भुतं उभी करून ठेवली आहेत. कथेत त्यांचा उल्लेख नाही, कॅमेरा त्यांच्याकडे वळत नाही. लेकीने कुठे कुठे बघायचं याची यादी काढून ठेवली होती. पहिल्या भागात आम्हाला त्यातलं काहीच दिसलं नाही. मशीनसोबत आलेल्या 'व्हिव्हिड' मोडमध्ये चेहरे टोमॅटोसारखे लाल आणि कोपरे धुक्यात. आम्ही टीव्हीवर जाऊन खात्री केली, भुतं तिथे होती.

मग जे जुळवलं ते असं. दिवा 'इको'वर टाकला. उजेड कमी होतो, पण त्यासोबत झिरपणारा उजेडही कमी होतो, म्हणून पूर्ण अंधाऱ्या खोलीत काळा भाग डोळ्यांना जास्त खोल लागतो. चित्र १२० इंचांवरून ८० इंचांवर आणलं. क्षेत्रफळाच्या हिशेबाने तेवढाच उजेड सव्वादोन पट दाट पडतो, त्यामुळे इकोमध्ये गेलेलं तेज परत मिळतं. मेन्यूतलं 'ब्राइटनेस' वाढवायचं नाही, कारण ते आधी काळ्यालाच करडं करतं. आणि चादर काढून टाकली. पांढऱ्या चादरीतून बराच उजेड आरपार जातो आणि वाऱ्याने अख्खा वाडा हलतो. बेसमेंटच्या एका भिंतीला फिकट करडा, बिनचमकीचा रंग दिला, एका गॅलनमध्ये दोन हात झाले. या रंगाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही सेटिंगने पडला नाही. दुसऱ्या फेरीत यादीतली बहुतेक भुतं सापडली. एक तर लेकीच्या यादीत नसलेलं सापडलं, आणि ते खरंच आहे की भिंतीचा डाग यावर आमच्यात अजून एकमत नाही.

कीस्टोनबद्दलही सांगायला हवं. मशीन कडेला ठेवून चित्र मेन्यूतून चौकोनी करता येतं, पण न वापरलेला भाग बंद होत नाही, करड्या चौकटीसारखा चमकत राहतो. मशीन समोर, सरळ ठेवा. जुन्या 'हॅलोवीन'सारख्या (१९७८) रुंद सिनेमांत वर-खाली पट्टे येतात, तेही असेच चमकतात. मी तिथे काळं मखमल लावलं. नवरा म्हणाला, दशक्रियेची तयारी वाटते.

सासूबाईंना मूकपट आवडतात हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. 'नोस्फेराटू' (१९२२) आम्ही आधी इंटरनेटवरच्या एका फुकट प्रतीवरून लावला. थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, "अगं, रात्र झाली, रात्र झाली म्हणतायत आणि हा मेला उन्हात शवपेटी घेऊन फिरतोय." त्यांचं निरीक्षण अचूक होतं. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण जमत नसे. दिवसा चित्रीकरण करायचं आणि ती रिळं निळ्या रंगात बुडवायची, म्हणजे प्रेक्षकाने रात्र समजायची. फुकट फिरणाऱ्या अनेक प्रतींत तो रंगच नाही, म्हणून पिशाच भर दुपारी हिंडताना दिसतं. लायब्ररीतून दुरुस्त केलेली, रंग असलेली ब्लू-रे आणली तेव्हा आईंनी हूं की चूं केलं नाही. शेवटी उन्हाने तो मरतो तेव्हा मात्र म्हणाल्या, "मघाशी बरा फिरत होता."

लायब्ररीचं कार्ड हा या सगळ्या मोसमातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भाग. स्ट्रीमिंगवर १०८०पीला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पुरतात, ब्लू-रेवर चित्रालाच ४० पर्यंत जागा असते. उजेडातल्या दृश्यात फरक कळत नाही. अंधाऱ्या दृश्यात स्ट्रीमिंगचे चौकोनी ठोकळे हलताना दिसतात आणि भूत आलं असं वाटून उगाच छाती धडधडते. या मशीनमधली स्ट्रीमिंग अॅप्सही नावापुरती आहेत. मशीनला स्ट्रीमिंग सेवेचं प्रमाणपत्र नसेल तर ती सेवा कमी रिझोल्यूशनचं, अस्पष्ट चित्रच देते. फोन मिरर करायला गेलं तर कॉपी-संरक्षणामुळे पडदा पूर्ण काळा होतो. या प्रोजेक्टरवर मी पाहिलेला सर्वांत दाट काळा रंग तोच. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक घेऊन एचडीएमआयला लावा.

आवाजाचं म्हणाल तर पंखा. साध्या मोडमध्ये तो इतका घरघरतो की 'अ क्वाएट प्लेस'सारखा (२०१८) जवळपास बिनसंवादाचा सिनेमा हेलिकॉप्टरमध्ये बसून बघितल्यासारखा वाटतो. इकोवर तो निम्म्याने शांत होतो, त्यामुळे काळा रंग आणि शांतता दोन्ही एकाच बटणावर मिळतात. नवऱ्याला मात्र पंखा हवा असतो. घरघर ऐकू येते म्हणजे हा सिनेमाच आहे, असा त्याला धीर येतो. स्पीकर ब्लूटूथने जोडू नका. सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा उशीर गप्पांच्या सिनेमात चालतो, पण दचकवण्याच्या जागी सुरा आधी खाली येतो आणि किंकाळी नंतर, आणि खोलीत हशा पिकतो. साधी ऑक्स वायर लावल्यावर प्रश्न मिटला.

३० ऑक्टोबरला लेन्सवर झाकण घालून फक्त आवाज लावला. १९३८ सालच्या त्याच तारखेला ऑर्सन वेल्सने रेडिओवर 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' सादर केलं होतं. नाचाचं संगीत मध्येच तोडून बातम्या येतात आणि मंगळावरून आलेलं यान उतरतं ते आमच्या राज्यातल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात. लोक घाबरले, पण पळापळीच्या कथा वर्तमानपत्रांनी बऱ्याच फुगवल्या असं आता अभ्यासक सांगतात. तिथल्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये याचं स्मारक आहे, आणि आजूबाजूच्या वेस्ट विंडसरमध्ये आता इतकी देशी कुटुंबं राहतात की मंगळवासी पुन्हा उतरले तर त्यांना कोणीतरी आधी चहा विचारेल. तासाभराचं नाटक आहे. संपूर्ण मोसमात नवरा सर्वांत जास्त घाबरला तो यालाच, चित्र नसताना.

पंचांगाशीही जुळवून घ्यावं लागलं. सप्टेंबरात पितृपक्ष होता. "या पंधरा दिवसांत भुताखेतांचं काही लावायचं नाही," असा आईंचा हुकूम. स्वतः मात्र दुपारी फोनवर 'रात्रीस खेळ चाले' बघत होत्या, आणि विचारलं तर ते भुताचं नाही, कुटुंबाचं आहे म्हणाल्या. २०२५ला दिवाळी हॅलोवीनच्या दहाएक दिवस आधी आली, म्हणून भाऊबीज झाल्यावर उरलेल्या फराळावर 'तुंबाड' (२०१८) लावला. गर्भगृहातले प्रसंग या मशीनवर कुठल्याही अमेरिकन सिनेमापेक्षा चांगले दिसले. तिथे रंग लाल, उजेड एकाच दिव्याचा आणि त्याभोवती दाट अंधार. पावसाचे प्रसंग तेवढे नाही जमले; करड्या आभाळात करडा झिरपा मिसळून सगळंच चिखल होतं.

३१ला शुक्रवार होता. संध्याकाळी लहान मुलं कँडी मागत फिरतात तोवर गराजच्या दारावर नुसती वटवाघळं उडवली. नऊनंतर शेजारी खुर्च्या घेऊन आले आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) लावला. हा सिनेमा अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं, आणि नवी पाटी लावताना जुन्या पाटीबरोबर कॉपीराइटची ओळही गेली. तेव्हाच्या कायद्याने तेवढ्यावर हक्क गेला. त्यामुळे चार लोकांसमोर दाखवायला परवाना लागत नाही. कृष्णधवल सिनेमे या स्वस्त मशीनवर सगळ्यात शोभतात, कारण करडा तिथे घरचाच असतो.

तक्रारी दोन. ऑटोफोकस अंधाऱ्या दृश्यात गोंधळतो आणि नेमक्या शांत क्षणी आत-बाहेर करत बसतो. तो बंदच ठेवावा. आणि सप्टेंबरपासून उजव्या कोपऱ्यात धुळीचा एक गोल डाग आलाय. पॅनलकडच्या वाटेत धूळ शिरली आहे. कंपनीला लिहिलं तर "लेन्स पुसून बघा" असं उत्तर आलं, आणि खोका उघडला तर वॉरंटी जाते. डाग फक्त काळ्या दृश्यांत दिसतो, म्हणजे मॅच बघणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

पुढच्या ऑक्टोबरसाठी दुप्पट पैसे टाकून धूळ आत न शिरणारं, बंद पेटीचं डीएलपी (बारीक आरशांनी चित्र फेकणारं) मशीन बघते आहे. त्यात काहींना हलत्या उजेडाभोवती इंद्रधनुष्यासारख्या रेघा दिसतात, म्हणून घरातल्या सगळ्यांना नेऊन दाखवणार. दुकानात डेमोला पोपट आणि फुलं लावतात. मी पेनड्राइव्हवर १९६८चा तोच सिनेमा घेऊन जाते आणि तळघराचा प्रसंग लावायला सांगते, दिवे घालवून. दिवे घालवायला तयार नसलेल्या एका दुकानातून तशीच बाहेर पडले.