मिथेन मापकासाठी लेझर: डीएफबी की हलत्या आरशाचा?

सिल्लेवाडा, सावनेरच्या भूमिगत खाणी इतक्या जवळ असताना नागपुरात एम.टेक.च्या प्रकल्पाला मिथेन मापक सुचणं साहजिकच आहे. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की स्फोटाला एक ठिणगी पुरते. गाडी अडते ती लेझरपाशी: सरळ डीएफबी (ठरावीक एकच तरंगलांबी देणारा चिप-लेझर) घ्यायचा, की वरचा आरसा हलवून तरंगलांबी बदलणारा मेम्स-व्हीसीसेल (चिपच्या पृष्ठभागातून प्रकाश सोडणारा, सूक्ष्म हलत्या भागांचा लेझर)?

डीएफबीचं थोडक्यात सांगतो. एक अंश तापमानामागे तो साधारण 0.1 नॅनोमीटर सरकतो. मिथेनची 1653.7 नॅनोमीटरची शोषणरेषा (ज्या तरंगलांबीचा प्रकाश तो शोषतो ती) तपासायला एवढं पुष्कळ झालं. पण 25 अंशांच्या लॅबमधून आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांत आणला, की 2 नॅनोमीटर घसरतो आणि रेषा हातची जाते. म्हणून विजेवर चिप थंड ठेवणारा पेल्टिए कूलर लागतोच, अन् बॅटरी खातो तोच.

मेम्समध्ये खरी गंमत पोकळीची, म्हणजे दोन आरशांमधल्या जागेची. ती जेमतेम काही मायक्रॉन लांब, त्यामुळे लगतच्या मोडांमध्ये (पोकळीत बसू शकणाऱ्या तरंगलांब्यांमध्ये) भरपूर अंतर पडतं आणि मध्येच उडी न मारता दहा-दहा नॅनोमीटर सलग फिरता येतं. वरचा आरसा लवचिक पटलावर असतो. व्होल्टेज दिलं की खाली ओढला जातो. मात्र आरशाखालची फट एक तृतीयांश मिटली की पटलाचा ताण हरतो आणि आरसा खाली चिकटतो. म्हणजे 3 मायक्रॉनच्या फटीत कामाचा 1 मायक्रॉनच. आरसा अर्धी तरंगलांबी, म्हणजे 0.83 मायक्रॉन सरकला की पुढचा मोड येतो, तेव्हा एवढी फट पुरते. आणखी वाढवाल तर मोडांमधलं अंतर घटतं, म्हणजे मुळातला फायदाच जातो.

पटल मऊ ठेवलं तर व्होल्टेज कमी लागतं, पण नुसत्या उष्णतेनेही ते थरथरतं आणि रेषारुंदी, म्हणजे लेझरच्या तरंगलांबीचा पसारा, वाढते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या कॉनी चँग-हॅसनेन यांच्या गटाने 2007 मध्ये वरच्या जाड आरशाऐवजी प्रकाश परतवणारी पातळ जाळी वापरली. वजन घटलं, वेग वाढला.

1650 नॅनोमीटरच्या पट्ट्यात इंडियम फॉस्फाइडवर (या लेझरच्या अर्धवाहकावर) चांगले आरसे वाढवणं जिकिरीचं असतं, हेही लक्षात ठेवा. म्हणून एकट्या मिथेनसाठी माझं मत डीएफबीला, तोही विकतचा. अनेक वायू किंवा डोळ्यांची ओसीटी (प्रकाशाने आतल्या थरांचं चित्र काढणारी तपासणी) करायची असेल तर मात्र मेम्सच.

आणि डिझाइनच करायचं असेल, तर पटलाची जाडी बदलत व्होल्टेज आणि रेषारुंदी, दोन्हींचे आलेख काढा. व्हायव्हाला एकटा व्होल्टेजचा नेलात, तर पहिला प्रश्न दुसऱ्यावरच येईल.